सहा लिंबं आणि ओट्याचा दगड

बायपासवरच्या दगडांच्या तीन दुकानांत माझा फोटो लावलेला आहे. त्याला हार घातलेला नाही, कारण मी अजून जिवंत आहे.

फोटो चोरून काढलेला आहे, त्यामुळं चांगला आलेला नाही. मी एका हिरवट दगडावर वाकलोय, हातात अर्धं लिंबू, तोंड उघडं, टोपी तिरकी. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘या इसमास आत घेऊ नये.’ इसम! बहात्तर वर्षं या जिल्ह्यात काढली, तीस वर्षं अख्ख्या वस्तीला नळाचं पाणी सोडलं, आणि शेवटी मी इसम झालो.

म्हणून म्हणलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. मी चौथी शिकलेला माणूस आहे (तीसुद्धा पाचोडला, अर्धी शाळेत अन् अर्धी बैलामागं), तेव्हा ज्यांना शुद्धलेखनाच्या चुका मोजायच्या त्यांनी इथूनच माघारी फिरावं. मला राग आलेला आहे आणि रागात मी वेलांटीकडं बघत नसतो.

आधी आमच्या मंडळीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. नाव कौसल्या. उंचीनं एवढीशी, माझ्या खांद्याला लागायची, आणि मीसुद्धा काही खांब नाही. तिला जाऊन चौदा महिने झाले. लोक म्हणतात हळूहळू सवय होती. मला तरी झालेली नाही. ज्यांना होत असंल त्यांनी खुशाल करून घ्यावी.

मुकुंदवाडीत आम्ही दोन खोल्या बांधल्या तेव्हा ती खाली बसून स्टोव्हवर स्वयंपाक करायची. उभ्याचा ओटा आमच्या गल्लीत कुणाकडंच नव्हता. मी ठरवलं, आपण करायचा. ज्यांचे ओटे होते ते कडप्पा टाकायचे, नाहीतर शहाबादी फरशी. पण मी म्हणलं, आपण कुणासारखं का करायचं? त्या वक्ताला जवळच एका देवळाचं काम चालू होतं आणि गाभाऱ्याचा पांढराशुभ्र संगमरवर कापून उरलेले तुकडे पडलेले होते. मी त्यातला मोठा तुकडा पसंत केला, हातगाड्यावर टाकला आणि घरी आणून मिस्त्रीकडून बसवून घेतला. बायकोला विचारलं का? नाही. मी नळाचा व्हॉल्व्ह फिरवायच्या नोकरीत होतो. कोणत्या गल्लीला कधी पाणी जाणार ते मी ठरवायचो. बाया हंडे घेऊन मला विचारायच्या, मी कुणाला विचारत नव्हतो. ती सवय घरीपण यायची, चपलेबरोबर.

पहिल्याच दिवशी तिनं वरण केलं. फोडणीतली हळद सांडली, ताटलीएवढी. पुसली. गेली नाही. घासली. गेली नाही. शेजारणीनं सांगितलं लिंबू चोळा. तिनं लिंबू चोळलं, तर हळद राहिली जागेवर आणि दगडाची चमक मात्र गेली. आता डाग पिवळा आणि त्याच्याभोवती खरखरीत गोल, जसं काही चंद्राला खळं पडलंय.

मी संध्याकाळी घरी आलो तर ती शांतपणे म्हणाली, “देवळातल्या दगडावर देव बसत असतो. तिथं कुणी वरण उकळत नसतं.”

हे वाक्य मी पुढं अठ्ठावीस वर्षं ऐकलं. पाहुणे आले की ऐकलं, सणावाराला ऐकलं. दर दसऱ्याला ती तो डाग घासायची, त्याला काही होणार नाही हे माहीत असूनसुद्धा. मी बाहेर पेपर उघडून बसायचो आणि घासायचा आवाज यायचा, खर्र खर्र. मी पेपर जास्त जोरात उलटायचो.

आता पोराकडं येतो. दत्ता, आमचा एकुलता एक, वाळूजला कंपनीत आहे. त्याची बायको वर्षा, करमाडची, ताडमाड पोरगी, शाळेत व्हॉलीबॉल खेळायची. ती शिकवण्या घेती. सून म्हणून माझी काही तक्रार नाही, आणि तिची असली तरी मला कळत नव्हती, त्याचं पुढं येईलच.

एके दिवशी जेवताना दत्ता म्हणाला, “अण्णा, ओटा नवीन करायचा. मिस्त्री सोमवारी येतोय. दगड बघून ठेवलाय मी.” आणि मोबाइल पुढं केला.

बघतो तर पांढरा. देवळासारखा पांढरा.

घास खाली ठेवला. म्हणलं, “या घरात पांढरा दगड पुन्हा येणार नाय.”

“अण्णा, आता पॉलिश लई भारी असतं. तुम्हाला काय कळतंय दगडातलं?”

हे असं पोरं बोलतात. जिच्यावर हा रांगायला शिकला ती फरशी मी निवडली होती. (ती पण पुढं उखडली, पण तो मिस्त्रीचा दोष होता.)

“दगड मी बघणार,” मी म्हणालो.

“बघा. पण वर्षा काय म्हणती की...”

“वर्षाला मी सांगतो.”

वर्षा भाकरी वाढत होती. ती म्हणाली, “मामा, माझं एक...”

“तू चहा ठेव,” मी म्हणालो.

जेवताना चहा कशाला, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मला एवढंच कळत होतं की एका बाईला मी अठ्ठावीस वर्षं डाग घासायला लावला. ती गेली. तिचं काही आता दुरुस्त होत नाही. पण तिच्या मागं त्या जागेवर जी उभी राहणार तिच्या नशिबी तरी माझ्या घरात डाग नको. एवढं एकच काम मला या जन्मी नीट करायचं होतं. चुकलो असतो तर वर गेल्यावर पहिलं वाक्य काय ऐकावं लागलं असतं ते मला पाठ होतं.

म्हणून ठरवलं की यावेळी दगड तपासून घ्यायचा. आणि ओट्याचा दगड कसा तपासायचा? ओट्यावर जे सांडतं ते सांडून. याच्यात वाकडं काय आहे ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

पिशवी भरली. सहा लिंबं. हळदीची पुडी. लाल तिखटाची पुडी. बाटलीत गोडं तेल. चाकू. आणि गरम भांड्यानं दगड तडकतो का ते बघायला पाहिजे, पण दुकानात गरम तवा कुठून न्यायचा? तर देवघरातून कापराच्या चार वड्या घेतल्या. पेटवून ठेवल्या की दगडाला चटका. मला वाटलं, काय डोकं चाललंय आपलं.

दिवस पण हुशारीनं निवडला. कालनिर्णयात बघितलं, शनिवारी अमावस्या. अमावस्येला नवीन वस्तू कुणी घेत नाही, म्हणजे दुकानं मोकळी, निवांत तपासता येईल.

आता तुम्ही शहाणी माणसं आहात. तुम्हाला कळलं असंल. मला नाही कळलं. कापूर, लिंबू, हळद, लाल पूड, चाकू, शनिवार, अमावस्या. मी एकेक वस्तू पिशवीत टाकली आणि कौसल्याच्या फोटोला म्हणलं, “चल गं, दगड बघून येऊ.”

पहिलं दुकान बन्सीशेठचं. लई मोठं. दगडाच्या लाद्या पत्त्यांसारख्या उभ्या केलेल्या, आणि पुढं काही आडव्या टेबलावर. मालक गल्ल्यावर फोनवर बोलत होते. मी एका काळ्या लादीवर लिंबू कापलं, अर्धं पालथं ठेवलं, शेजारी चिमूटभर हळद, तिच्यावर थेंबभर तेल. हमाली करणारा एक गडी जवळ आला.

“बाबा, काय करायलात?”

“बघायलोय.”

“काय बघायलात?”

“दहा मिनटं थांब, कळंल.”

हे उत्तर चुकलं. पण त्यानं विचारलं सरळ, मी सांगितलं सरळ. दहा मिनटं आंबट मुरलं की दगड खरा का खोटा कळतो. तवर उभं राहून काय करायचं? लिंबू तिथंच ठेवलं आणि मी शेजारच्या दुकानात गेलो.

दुसऱ्या दुकानात करड्या रंगाच्या दगडावर तेच. तिथं तिखटपण टाकलं, कारण आमच्या घरात वरणापेक्षा रस्सा जास्त सांडतो. तिसऱ्या दुकानात हिरवट दगड होता, छान गुळगुळीत. तिथं कापूर पेटवला.

आणि एक गोष्ट लपवत नाही. मी बोलत होतो. कुणाशी नाही, कौसल्याशी. चौदा महिन्यांत ती सवय लागली आहे. घरी पोरं असतात म्हणून मनात बोलतो, बाहेर गेलो की तोंडानं. “हा कसा वाटतो गं? लई काळा नाय ना? तुला हिरवा आवडायचा, पण डाग पडला तर मला बोल लावू नको.” असं आपलं बारीक आवाजात. समोर अर्धं लिंबू, हळद, पेटता कापूर, आणि मी वाकून त्या दगडाला विचारतोय, बोल लावू नको.

फोटो इथंच काढला हरामखोरानं.

आता नशीब कसं असतं बघा. मी तिसऱ्या दुकानात असताना तिकडं पहिल्या दुकानात गडी एक लादी गाड्यावर चढवत होते. ती निसटली आणि मधोमध दुभंगली. दगड आहे, निसटला तर फुटणारच, तो काय रबर आहे? पण गड्यांनी आधी लादीकडं बघितलं, मग टेबलावरच्या लिंबाकडं बघितलं, मग एकमेकांकडं. त्यातला ज्यानं मला ‘काय बघायलात’ विचारलं होतं तो म्हणाला म्हणे, “तो बाबा म्हणला होता, दहा मिनटात कळंल.”

मी चौथ्या दुकानात चौथं लिंबू कापायला घेतलं तर मागून गलका आला. बन्सीशेठ पुढं, मागं दुसऱ्या दुकानाचा मालक, तिसऱ्याचा मालक आणि सात-आठ गडी. मला वाटलं, कुठं भांडण लागलंय. मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली. ते माझ्याभोवती थांबले.

“कोण तुम्ही?” बन्सीशेठ म्हणाले.

“गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाईक असं करतं का?”

“कसं?”

“हातात काय आहे?”

“लिंबू.”

“अन् पिशवीत?”

“दोन लिंबं.”

मी खोटं बोलत नव्हतो, पण उत्तर ऐकून गडी दोन पावलं मागं गेले. बन्सीशेठ धाडसी माणूस, ते जागचे हलले नाहीत. त्यांनी आवाज हळू केला आणि विचारलं, “आजोबा, खरं सांगा, आम्ही काही करत नाय. कुणी पाठवलं तुम्हाला?”

मी ‘माझा मी आलो’ म्हणायला पाहिजे होतं. पण सकाळपासून जिच्याशी बोलत होतो तीच तोंडावर होती.

“बायकोनं,” मी म्हणालो.

“कुठं असते बायको?”

“वारली.”

 गडी आणखी एक पाऊल मागं सरले.

“कधी?”

“चौदा महिने झाले.”

“आणि ती...” बन्सीशेठनी माझ्या पिशवीकडं बोट केलं, “ती सांगती तुम्हाला?”

“आता नाय सांगत. पहिलं लई सांगायची. मी ऐकत नव्हतो.”

एवढं बोलून माझाच आवाज चिरकला, कारण ते खरं होतं. पण समोरच्या लोकांना त्यातलं दुःख दिसंना, वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. दुसऱ्या दुकानाच्या मालकानं खिशातनं देवाचा बारका फोटो काढून कपाळाला लावला. एक गडी तर सरळ उठून चहाच्या टपरीकडं चालायला लागला, पगार सोडून.

“आमच्या दगडावरचं ते उचला,” तिसरा मालक म्हणाला.

“उचलतो. अजून चार मिनटं व्हायचीत.”

“आत्ता उचला!”

“अर्धवट उचलून काय कळणार? दगड चांगला का वाईट ते पुरं मुरल्याशिवाय कळत नसतं.”

“म्हणजे अजून मुरायचं आहे?” बन्सीशेठ खाली बसले.

मी भानामती, करणी असलं काही मानत नाही. आयुष्यात मानलं नाही. दत्ता लहानपणी तापानं फणफणला तेव्हा सगळी गल्ली सांगत होती कुणाचं तरी बघणं लागलंय. मी पोराला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यात नेलं. आणि मलाच आता पिकलेल्या डोक्यानं करणीवाला ठरवलं, तेही कशावरून, तर मी भाजीतला माल दगडावर टाकला म्हणून. आमच्या बाया रोज टाकतात. त्यांना कुणी घेराव घालत नाही.

कुणीतरी माझ्या फोनमधनं दत्ताला फोन लावला. तो वाळूजहून पहिली पाळी अर्धी टाकून आला, अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर हेल्मेट तसंच. बघितलं तर बाप मधी खुर्चीवर, भोवती माणसं पण चार हातांवर, कुणी जवळ येईना.

“अण्णा, काय केलंत?”

“दगड तपासला.”

“लिंबानं?”

“मग काय कानशिलात मारून तपासू?”

दत्तानं सगळ्यांची माफी मागितली. मला ते अजिबात पटलेलं नाही, आजही नाही. मी दगड घ्यायला गेलो होतो, दगडाला मी काय केलं म्हणून माफी? पण माझं कोण ऐकतं. तिन्ही दुकानांतली लिंबं मलाच उचलायला लावली, हळद पुसायला लावली. पुसताना मी बघून घेतलं. करड्यावर तिखटाचा लाल ठिपका राहिला होता, हिरव्याला कापराचा काळा वण पडला होता, बन्सीशेठचा काळा मात्र जसाच्या तसा. मी त्यांना आनंदानं सांगायला गेलो, “शेठ, तुमचा पास झाला,” तर ते आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

ज्या चौथ्या दुकानात हा सगळा बाजार भरला होता त्याचे मालक रहीमभाई. माझ्याच वयाचे, पांढरी दाढी, इतका वेळ कोपऱ्यात खुर्ची टाकून दात कोरत होते. सगळे गेल्यावर ते उठले, माझ्यापुढं पाण्याचा गिलास ठेवला.

“चचा, इत्ता तमाशा कायकू करे?”

“डाग पडतो का बघत होतो. मला दुसरं काय पाहिजे?”

“तो नमूना मांगते ना.”

“काय?”

“नमूना. सॅम्पल.” त्यांनी खालचा एक खोका पायानं पुढं ढकलला. आत हाताच्या पंजाएवढे दगडाचे तुकडे, काळे, करडे, हिरवे, पांढरे, लाल. “सब फोकट में देते. घरकू लेजाव, उसपे हल्दी डालो, चटनी डालो, बिर्यानी पकाव. कोन मना करता?”

मी खोक्याकडं बघत राहिलो. बन्सीशेठच्या गल्ल्याखालीपण असाच खोका होता, मला आता आठवलं. मी त्याच्यावरच पिशवी टेकवली होती.

“मग कुणी सांगितलं का नाय?”

“तुम पूछे कां?” रहीमभाई म्हणाले. “मांगना पडता चचा, पूछना पडता. पत्थर खुद थोडीच बोलता.”

चांगला माणूस, पण त्यानं ते बोलायला नको होतं. घरी येईपर्यंत दत्ताच्या गाडीवर मागं बसून मी तेच चघळत होतो.  सिग्नलला थांबल्यावर दत्ता म्हणाला, “बायकोनं पाठवलं म्हणालात?” आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता का काय करत होता, मागनं कळलं नाही.

रात्री रहीमभाईकडून आणलेले सात तुकडे जुन्या ओट्यावर ओळीनं मांडले. प्रत्येकावर लिंबू, हळद, तिखट, तेल. रविवारी सकाळी धुतले. पांढरा तर धुतला तरी पिवळाच, तो मी दत्ताच्या ताटाशेजारी नेऊन ठेवला आणि काही बोललो नाही (जेवण झाल्यावर पाच मिनटं बोललो). काळा तुकडा एकदम टकाटक. निकाल लागला. मला वाटलं आता ढोल लावावा.

पण रहीमभाईचं ते पूछना पडता डोक्यातनं जाईना. म्हणलं, विचारायचंच आहे तर एकदा रीतसर विचारून टाकू, त्यात काय जातंय. उत्तर तर मला माहीतच आहे.

“वर्षा, इकडं ये. तुझा ओटा आहे. तुला यातला कोणता पाहिजे?”

ती पीठ लागलेल्या हातांनी आली. सात तुकड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “खरं सांगू मामा?”

“खरं सांग. म्हणून तर विचारतोय.”

“मला रंगाचं काय नाय. तुम्ही काळा टाका, हिरवा टाका, नायतर जांभळा टाका. मला फक्त ओटा सहा बोटं वर पाहिजे.”

“वर म्हंजे?”

“उंच. हा किती खाली आहे बघा की. पोळ्या लाटून तीन वर्षं झाली माझी कंबर जाती. शिकवणीला बसले की उठता येत नाय. पोरी म्हणतात, मॅडम तुम्ही म्हातारीसारख्या का चालता?”

मी तिच्याकडं बघितलं. मग ओट्याकडं बघितलं. तीन वर्षं ही ताडमाड पोरगी माझ्यापुढं त्या ओट्यावर कमरेतनं वाकून स्वयंपाक करत होती आणि मला वाटत होतं ती नम्र आहे!

“मग बोलली का नाय इतके दिवस?”

“बोलले की. चार वेळा बोलले. तुम्ही म्हणलात, चहा ठेव.”

दत्ता बाजूला उभा होता. मी त्याच्याकडं रागानं वळलो. “तुला माहीत होतं?”

“मी तुम्हाला सांगत होतो अण्णा. ‘पण वर्षा काय म्हणती की’ इथपर्यंत पोचलो होतो.”

म्हणजे बघा. मी ज्याच्यासाठी अमावस्येला शहरभर करणीवाला म्हणून गाजलो, तो दगड कुणाला नकोच होता. सहा लिंबं गेली, कापूर गेला, इज्जत गेली, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिला पाहिजे होती सहा बोटं उंची. टेप लावून दोन मिनटात झालं असतं.

पण एक गोष्ट होती, ती मी त्यांना सांगितली नाही. इथं लिहितो. त्या ओट्याचा दगड मी निवडला होता, पण उंची माझी नव्हती. मिस्त्रीनं विचारलं होतं, किती उंच घेऊ? मी म्हणलं, घे अंदाजानं. तेव्हा कौसल्या आतून आली, हात कोपरात वाकवून भिंतीशी उभी राहिली आणि म्हणाली, “इथपर्यंत.” मिस्त्रीनं खडूनं रेघ मारली. अख्ख्या घरात तिला विचारून केलेली ती एकच गोष्ट, तीपण मी विचारली नव्हती, मिस्त्रीनं विचारली होती. ओटा म्हणजे तिची उंची होती. ती गेली तरी उंची तिथं उभी होती, आणि ही पोरगी म्हणत होती, ती मोडा.

मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. जेवायला बोलावलं तर गेलो नाही. मनात म्हणलं, काय करू गं? मग त्या खडूच्या रेघेचंच आठवलं.  तिनं स्वतःच्या कमरेचं तिच्या वेळेला सांगून घेतलं होतं. आता दुसरीची कंबर होती.

सोमवारी मिस्त्री आला तेव्हा मीच वर्षाला हाक मारली. म्हणलं, “हात वाकव आणि भिंतीशी उभी राहा.” तिनं उभं राहून दाखवलं. मिस्त्रीनं खडूची रेघ मारली. जुन्या ओट्यापेक्षा चांगली सहा-सात बोटं वर. मिस्त्री म्हणाला, “लई उंच होईल बाबा.” मी म्हणलं, “जिची कंबर आहे तिला विचार, मला कशाला विचारतो?” वर्षानं माझ्याकडं असं बघितलं की मला उगाच टोपी नीट करावी लागली.

दगड बसला. काळा, बन्सीशेठच्याच दुकानातला. आणायला दत्ता गेला, मला गाडीपासून लांब बसवून. बन्सीशेठनी म्हणे दोन वेळा विचारलं, “आजोबा येणार नाहीत ना?” आणि भावात घासाघीस न करता दिला. (दत्ता म्हणतो हा फायदा झाला. मी म्हणतो हा अपमान आहे.) जुना पांढरा दगड मिस्त्री फोडायला निघाला होता, पण वर्षा म्हणाली फोडू नका, न्हाणीत ठेवा, मामांना बसून अंघोळ करायला होईल. आता मी रोज त्या पिवळ्या डागावर बसून अंघोळ करतो. तिथं मला कुणी काही बोलत नाही.

सगळं जमलं. वर्षाची कंबर दुखायची थांबली. शिकवणीतल्या पोरी आता तिला म्हातारीसारख्या का चालता म्हणून विचारत नाहीत. दत्ता म्हणतो ओटा एकदम भारी. सगळं घर खूश आहे. राहता राहिलो मी.

दुपारी दोघंही बाहेर असतात, तेव्हा माझा चहा मलाच करावा लागतो. आणि मी ओटा बांधताना सगळ्या घराच्या कमरेचा विचार केला, स्वतःच्या डोळ्यांचा केला नाही. ओटा उंच, त्याच्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. मी म्हातारपणानं आणखी दोन बोटं खाली आलेलो. पातेल्यात काय चाललंय ते मला दिसतच नाही. दूध आलं का गेलं ते उतू जाऊन माझ्या हातावर आल्यावर कळतं. वर्षानं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा काही न बोलता देवघराशेजारचा पाट आणून ओट्यापुढं ठेवला. “मामा, याच्यावर उभं राहत जा.”

तर आता मी पाटावर उभा राहून चहा करतो. याच्याआधी पाटावर उभा राहिलो होतो ते एकदाच, लग्नात. पुढं अंतरपाट धरलेला, पलीकडं ती. मंगलाष्टकं संपली, पडदा बाजूला झाला, तर समोर कुणीच दिसंना. खाली बघितलं तेव्हा दिसली. एवढीशी. आता समोर नुसती भिंतीची टाइल असती. पण पाटावर चढलं की पायांना काय आठवतं कुणास ठाऊक, मी थांबतो. हातात हार असावा तशी सांडशी धरून नवरदेवासारखा ताठ उभा राहतो, आता पडदा बाजूला होईल म्हणून वाट बघत. आणि माझ्या नाकासमोर सगळं दूध उतू जातं.